ट्रेलरच्या डाव्या बाजूला थांबू नका (उरण रोड, ठाणे-बेलापूर, घोडबंदर)

उलवे_खाडीकाठ

मी न्हावा-शेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहे, राहायला उलव्यात. दिवसभर ट्रेलर आत घ्यायचे, बाहेर सोडायचे आणि घरी जाताना त्याच ट्रेलरांच्या गर्दीतून स्कूटर काढायची. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं तेव्हा या रस्त्यांवर गावातली माणसं आणि बंदराच्या गाड्या एवढंच होतं. आता उलवे, द्रोणागिरी, करंजाडे सगळीकडे टॉवर उभे राहिलेत आणि ऑफिस, कॉलेज, क्लासला जाणारे सगळे त्याच रस्त्यावर आलेत. पहिल्यांदाच स्कूटर हातात घेतलेली मुलं-मुली सिग्नलला ४० फुटी कंटेनरच्या चाकाला चाक लावून उभी दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हा धागा.

सांगायचं आहे ते एवढंच: ड्रायव्हरला आपण दिसत नाही, असं धरून गाडी चालवा. एवढी मोठी काच, एवढे आरसे, इतक्या उंचावर बसलेला माणूस, त्याला सगळं दिसतच असणार, असं खालून बघणाऱ्याला वाटतं. केबिनमध्ये चढून बसलात की कळतं, प्रकार उलटा आहे. उंचीमुळे लांबचं छान दिसतं आणि जवळचं गायब होतं. समोरच्या काचेच्या अगदी खाली स्कूटर उभी असली तर ती दिसत नाही. मागे चिकटून चाललेली कार दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट डावी बाजू. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या खिडकीतून तो निदान मान बाहेर काढू शकतो. डाव्या दरवाजाच्या खालचा आणि तिथून मागच्या चाकांपर्यंतचा पट्टा त्याला फक्त आरशातून तुकड्या-तुकड्यात दिसतो. क्लीनर असेल तर तो डावीकडे बघून सांगतो, पण आता बऱ्याच ट्रेलरवर ड्रायव्हर एकटाच असतो.

दुसरी गोष्ट वळणाची. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, ती आतून कापत येतात. जितका लांब ट्रेलर तितकं जास्त आत. त्यामुळे डावीकडे वळायचं असलं की ड्रायव्हर आधी गाडी उजवीकडे काढतो. डावीकडे मोठी जागा मोकळी होते. मागच्या स्कूटरवाल्याला वाटतं, हा उजवीकडे चाललाय, आपण डावीकडून निघून जाऊ. तो आत शिरतो, ट्रेलर डावीकडे वळायला लागतो आणि ती मोकळी जागा मागून-पुढून दोन्हीकडून बंद होत जाते. घोडा (पुढचं इंजिनाचं धूड) वळला की आरसाही त्याच्याबरोबर वळतो. आरशात कंटेनरची बाजूच भरून येते, मागच्या चाकांपाशी कोण आहे ते कळायला मार्ग नाही. आमच्या यार्डाच्या गेटवर आम्ही माणूस उभा करतो तो याचसाठी. रस्त्यावर तसा माणूस कोणी उभा करत नाही.

लक्षात ठेवायची सोपी खूण: ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. चेहरा दिसला तरी तो तुमच्याकडेच बघतोय असं नाही, पण निदान शक्यता आहे.

सिग्नलला ट्रेलर उभा असेल तर त्याच्या मागे थांबा. बाजूने पुढे सरकत झेब्रावर त्याच्या नाकासमोर जाऊन उभं राहायची घाई करू नका. आपल्या भागातल्या बाकीच्यांचे अनुभव आणि माहिती इथे लिहा, विशेषतः ठाण्याकडच्यांनी. घोडबंदर मला तेवढा रोजचा नाही.

ऐरोली_सेक्टर_आठ

फार गरजेचा धागा. मी स्कूटरने रोज ऐरोली ते महापे जाते. ठाणे-बेलापूर रोडवर बेलापूरच्या दिशेने जाताना सगळी एमआयडीसी डाव्या हाताला येते. आणि दुचाकीने डावीकडून चालायचं हेच आपल्याला शिकवलेलं असतं. मग रबाळे, घणसोली, महापे, जिथे-जिथे कंपन्यांचे रस्ते आत जातात तिथे ट्रक माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे वळतात आणि मी नेमकी त्यांच्या डावीकडे असते. असं असताना दुचाकीवाल्याने चालवायचं तरी कुठे? उजव्या लेनमध्ये जाऊ का? तिथे कारवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात.

उलवे_खाडीकाठ

ऐरोली ताई, डाव्या लेनमध्येच चाला, फक्त ट्रकच्या बाजूला नको, ट्रकच्या मागे. तुमच्या लेनमध्ये पुढे ट्रक असेल तर तो तुमच्या पुढचा गडी, त्याच्या मागून अंतर ठेवून जायचं. तो मधल्या लेनमध्ये असेल आणि पुढे एमआयडीसीत जाणारा रस्ता येतोय हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याच्या बरोबरीने तिथे पोहोचू नका. वेग थोडा कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या. तुमचा रस्ता रोजचा आहे, कुठल्या वळणावर गाड्या आत जातात हे तुम्हाला त्या ड्रायव्हरपेक्षा जास्त पाठ असणार. त्याचा इंडिकेटर बघून ठरवू नका, कारण इंडिकेटर धुळीने माखलेला असतो, कधी लागतच नाही.

बाळकुमचा_रहिवासी

माफ करा, पण हे सगळं वाचून मला राग येतोय. सगळे नियम लहान गाडीवाल्यांनाच का? घोडबंदर रोडला या एकदा. कापूरबावडी ते गायमुख, मेट्रोच्या कामाने रस्ता अरुंद झालेला आणि त्यात मल्टिएक्सल गाड्या तिन्ही लेनमध्ये शेजारी-शेजारी चालतात. जेएनपीटीहून (न्हावा-शेवा बंदरातून) गुजरातला जाणारी वाहतूक कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत आमच्याच दारातून जाते. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते, ती उठली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात. अवजड वाहनाने डाव्या लेनने जायचं हा नियम कोणाला माहीत आहे? आमच्या सोसायटीतल्या लोकांना घोडबंदरला उजव्या लेनमध्ये ३० च्या वेगाने चाललेल्या डंपरला डावीकडूनच ओलांडावं लागतं, दुसरा पर्यायच नसतो. तुम्ही म्हणता डावीकडे जाऊ नका. मग काय, त्याच्या मागे पार वर्सोवा पुलापर्यंत जायचं?

घाटातला_गडी

बाळकुमकर, तुमचा राग बरोबर आहे. मी कोरेगाव तालुक्यातला, आता कळंबोलीत स्थायिक. बरीच वर्षं ट्रेलर चालवला, आता भाच्याच्या गाड्या बघतो. दुसऱ्या बाजूनं सांगतो, पटलं तर घ्या.

ट्रेलर उजवीकडे का येतोय? डावीकडच्या लेनमध्ये रिक्षा थांबतीय, बस थांबतीय, उलट्या दिशेनं स्कूटर येतीय, वडापावची गाडी उभी असतीय. भरलेली गाडी एकदा थांबली की परत गती धरायला पहिल्या गिअरपासून सगळे गिअर टाकत यावं लागतंय. गाडी थांबायला नको म्हणून ड्रायव्हर मोकळ्या लेनला जातोय. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. उजवी लेन त्याची न्हाईच. पण कारण कळलं तर तो पुढं काय करणार याचा अंदाज तुम्हाला लागंल.

डावीकडून जावंच लागलं तर कसं जायचं ते सांगतो. एक, मधे एक अख्खी लेन मोकळी असली तरच. चिकटून न्हाई. दोन, पुढं वळण, फाटा, पेट्रोल पंप, सर्व्हिस रोडला जायचा कट, असलं काही नको. ट्रेलर उजव्या लेनमधून थेट डावीकडं काढणारे लई आहेत. तीन, त्याच्या बाजूला रेंगाळायचं न्हाई. पुढं रस्ता मोकळा दिसला, पटकन निघून जायचं असलं तरच सुरू करायचं. पुढं गर्दी असंल तर तुम्ही बरोबर त्याच्या मधल्या चाकांशी जाऊन अडकणार, आणि तीच सगळ्यात वाईट जागा.

आणि एक लई महत्त्वाचं. ओव्हरटेक करून लगेच त्याच्या पुढं कट मारू नका. कारवाल्यांना वाटतंय ट्रकनं पुढं मोकळी जागा सोडलीय ती आपल्यासाठी. ती जागा त्याच्या ब्रेकची आहे राव! हवेचा ब्रेक असतोय. पेडल दाबलं की हवा पाइपमधनं शेवटच्या चाकापर्यंत पोचायला वेळ लागतोय. थोडाच, पण लागतोय. वर माल ३० टन. तुम्ही पुढं घुसलात आणि ब्रेक मारलात तर तो ड्रायव्हर देव असला तरी गाडी थांबवू शकत न्हाई. त्याला तुम्ही पूर्ण दिसाय लागल्यावर, म्हणजे तुमच्या आतल्या आरशात त्याचं सगळं तोंड, दोन्ही हेडलाइट दिसाय लागल्यावर पुढं या.

रिकामा ट्रेलर जास्त लवकर थांबतोय असं लोकांना वाटतंय. न्हाई थांबत. वजन नसलं की चाकं उडत्यात, ब्रेक लागला की लॉक होऊन घसरत्यात, पावसात तर मागचा भाग आडवा येतोय.

टँकर असंल तर आणखी लांब राहा. अर्धा भरलेला टँकर म्हंजे डोक्यावरची अर्धी कळशी, गाडी थांबली तरी आतलं पाणी पुढं जातंय आणि गाडीला ढकलतंय. वळणावर तसंच, बाजूला ढकलतंय. पुलाच्या गोल रॅम्पवर टँकर किंवा उंच कंटेनरच्या शेजारनं गाडी चालवायची न्हाई. पडला तर बाहेरच्या बाजूला पडतोय.

कळव्याचे_मास्तर

वरच्या प्रतिसादात आकडे जोडतो, मुलांना शिकवताना मी हेच गणित देतो. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात १७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगली कार त्यानंतर साधारण २० मीटरमध्ये थांबते. एकूण ३७. भरलेला ट्रेलर: तेच १७, हवेच्या ब्रेकला अर्धा सेकंद धरला तर आणखी ८, आणि त्याचा वेग कारइतका झपाट्याने उतरत नाही, म्हणून पुढे ३० च्या आसपास. एकूण ५५ मीटर. कार थांबली त्याच्यापुढे ट्रेलर आणखी १८ मीटर जाणार, म्हणजे ओळीत उभ्या केलेल्या चार लहान गाड्यांएवढं अंतर. हे ब्रेक उत्तम आणि टायर नवे धरून. ओल्या रस्त्यावर दोघांचेही आकडे बरेच वाढतात.

दुसरं, ४० वरून वेग ६० केला तर दीडपट वाढ वाटते. पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ती सव्वादोन पट होते. पाम बीच रोडच्या मोकळ्या रस्त्यावरून येऊन उरण रोडला लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाम बीचची सवय पायाला लागलेली असते.

अंतर मोजायला मीटर लागत नाहीत. पुढच्या ट्रकने एखादा खांब ओलांडला की मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तीन म्हणायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत म्हणा.

माजिवडा_नाका

मास्तर, तीन सेकंदांचं अंतर सोडलं की त्यात तीन रिक्षा आणि एक टेम्पो घुसतो हो. गंभीरपणे विचारतोय, काय करायचं?

कळव्याचे_मास्तर

घुसू द्या आणि पुन्हा मागे या. खरंच दुसरं उत्तर नाही. माजिवड्यापासून मानकोलीपर्यंत दहा गाड्या मध्ये आल्या तरी दोन-तीन मिनिटांच्या वर फरक पडत नाही.

अंतराचा आपल्याकडे आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे खड्डे. ट्रकची चाकं उंच, त्याच्या दोन चाकांमधून खड्डा आरामात जातो. मागे चिकटलेल्या दुचाकीला तो खड्डा ट्रकच्या पोटाखालून एकदम समोर येतो. पावसाळ्यात दुचाकीवाला खड्ड्याने पडतो आणि मागच्या अवजड गाडीखाली जातो, अशी बातमी ठाण्यात दरवर्षी वाचायला मिळते. दर वेळी मला वाटतं, रस्ता दिसला असता तर तो खड्डा टळला असता.

भिवंडी_ठाणे_रोजचा

रात्रीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी गोदामातून रात्री उशिरा निघतो, राजनोली नाका ते ठाणे. चालत्या ट्रकपेक्षा उभ्या ट्रकची भीती जास्त. रस्त्याच्या कडेला, कधी चक्क डाव्या लेनमध्ये, दिवे बंद करून गाडी उभी. नियमाने मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लागते. पट्टी असते, पण चिखलाखाली. मागचा आडवा दांडा, जो लहान गाडी ट्रकखाली घुसू नये म्हणून असतो, तो वाकलेला नाहीतर कापलेला. धोकादायक जागी गाडी उभी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार गुन्हा आहे, पण रात्री दोन वाजता तिथे बघायला कोण असतं.

माझं म्हणणं एवढंच, रात्री अगदी डाव्या कडेची लेन टाळा आणि हेडलाइट जिथवर पोहोचतो त्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. समोरून दिवे डोळ्यांवर आले तर वेग कमी करा. त्या दिव्यांच्या पलीकडच्या अंधारातच ती उभी गाडी असते.

उलवे_खाडीकाठ

याला जोडून आमच्याकडचा एक प्रकार सांगायलाच हवा, कारण नवीन माणसाला तो सुचतच नाही. कंटेनर उतरवलेला रिकामा ट्रेलर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा, कमरेएवढ्या उंचीवर. जासई, दास्तान फाटा, करळ फाटा या पट्ट्यात असे ट्रेलर रात्री यू-टर्न घेतात किंवा यार्डातून निघून रस्ता आडवा ओलांडतात. घोडा पलीकडच्या बाजूला पोहोचलेला असतो, त्याचे दिवे तिकडे तोंड करून. तुम्हाला लांब एका बाजूला दिवे दिसतात आणि आपल्यासमोरचा रस्ता काळा, मोकळा दिसतो. तो मोकळा नसतो. सांगाडा अजून आडवा असतो, त्याच्या पलीकडचे दिवेसुद्धा खालून दिसत राहतात, त्यामुळे मध्ये काही आहे असं वाटतच नाही.

रात्री रस्त्याला आडवे, वाकडे कसेही दिवे दिसले, एखादी पिवळी पट्टी जमिनीपासून थोडी वर तरंगल्यासारखी दिसली, की आधी ब्रेक. मग बघा काय आहे ते.

ऐरोली_सेक्टर_आठ

हे वाचून अंगावर काटा आला. हे कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलं नाही.

अजून एक विचारते. ट्रकवाला कधी हाताने खूण करतो, कधी उजवा इंडिकेटर देतो, कधी डिपर मारतो (हेडलाइट लुकलुकवतो). याचा अर्थ काय समजायचा?

घाटातला_गडी

ताई, डिपर मारला म्हंजे "मी येतोय, तू थांब". "तू जा" असं न्हाई. बाहेरून आलेल्या, परदेशात गाडी चालवलेल्या लोकांचा इथं घोळ होतोय.

उजव्या इंडिकेटरचे अर्थ तीन. एक, मी उजवीकडं वळतोय. दोन, समोरून गाडी येतीय, ओव्हरटेक करू नको. तीन, रस्ता मोकळा आहे, जा उजवीकडनं. तिन्ही अर्थानं देणारे ड्रायव्हर आहेत, राज्याराज्यांची पद्धत वेगळी. मग त्याच्यावर आपला जीव ठेवायचा का? न्हाई. क्लीनरच्या हाताचं पण तसंच. तो त्याच्या ट्रकपुरतं बघतोय, तुमच्या स्कूटरचा वेग त्याला माहीत न्हाई. स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता दिसला तरच जायचं.

हॉर्नचं म्हणाल तर केबिनमध्ये इंजिनाचा आवाज, पंखा, कधी गाणी. स्कूटरचा हॉर्न वरपर्यंत येत न्हाई. दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवा, आरशात दिवा लवकर दिसतोय. अलीकडच्या दुचाकींना तो चालूच असतोय, जुनी असंल तर आपण लावायचा.

बाळकुमचा_रहिवासी

गडी, तुमचे प्रतिसाद वाचतोय. पटतंय बरंच. पण एक सांगा, गायमुखच्या चढावर तुमच्या लोकांच्या गाड्या मागे का येतात? गेल्या पावसाळ्यात माझ्या पुढचा ट्रक चढावर थांबला आणि सुटताना चांगला हातभर मागे आला. मागे लांबवर रांग. हॉर्न दाबून धरला म्हणून थांबला.

घाटातला_गडी

चढावर भरलेली गाडी सोडताना क्लच धरेपर्यंत थोडी मागं येतीच, ड्रायव्हर कितीपण चांगला असला तरी. हँडब्रेकवर सोडणारे आहेत, पण थकलेला माणूस, जुनी गाडी. म्हणून चढावर थांबताना पुढच्या ट्रकची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत एवढं अंतर ठेवायचं, आणि दुचाकीवाल्यानं तर त्याच्या सरळ रेषेत न थांबता जरा तिरकं, निसटायला जागा ठेवून थांबायचं. कळंबोलीच्या लोखंड बाजारातनं निघालेल्या गाडीच्या मागं असाल तर दुप्पट अंतर. सळया हौद्याच्या बाहेर काढून न्यायच्या न्हाईत असा नियम आहे, तरी निघत्यात, टोकाला एक लाल फडकं बांधून. कॉइल (पोलादी पत्र्याची गुंडाळी) असंल तर साखळीवरच सगळा भरवसा.

उताराचं उलटं. उतरताना ट्रकच्या पुढं राहू नका, जागा मिळाली की त्याला मागं टाकून चांगलं लांब निघून जा, न्हाईतर मागंच राहा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणारे आहेत. न्यूट्रलला इंजिनाचा आधार जातोय, सगळा भार ब्रेकवर येतोय, ब्रेक तापत्यात, मग धरत न्हाईत. जळका वास आला किंवा चाकातनं धूर दिसला तर त्या गाडीपासून लांब व्हायचं आणि थांबून पोलिसांना फोन लावायचा.

आता जरा आमच्या माणसांचं. बंदराच्या गेटवर रांगेत तासन्‌तास उभं राहायचं, झोप केबिनमध्ये, आंघोळ जिथं नळ मिळंल तिथं. उन्हाळ्यात केबिन अशी तापतीय की पाय ठेवायला नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झालीय, चांगलं झालं, पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कितीतरी वर्षं तशाच चालणार. पहाटे तीन ते पाच ड्रायव्हरचे डोळे मिटतात. गाडी लेनमध्ये हळूहळू एका बाजूला सरकतीय, परत झटक्यात सरळ होतीय, असं दिसलं की त्याला झोप लागतीय समजा. त्याला ओलांडायला जाऊ नका. मागं लांब राहून हॉर्न द्या, दिवे मारा.

बाळकुमचा_रहिवासी

हे मान्य. तरी माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. रहिवासी म्हणून आम्ही वाहतूक शाखेकडे लेनची शिस्त, सर्व्हिस रोडवर उभ्या राहणाऱ्या ट्रकवर कारवाई, कामाच्या बॅरिकेडवर दिवे, हे मागत राहणार. आणि ते मिळेपर्यंत माझ्या मुलाला स्कूटरवर कसं जायचं हे या धाग्यावरून सांगणार. दोन्ही करायला हवं.

उलवे_खाडीकाठ

अगदी. मागण्या करायला आमच्या बाजूचीही माणसं हवीत. उरण रोडला यार्डांच्या बाहेर ट्रेलर उभे राहतात कारण आत जागा नसते. ट्रक टर्मिनल हाच त्यावरचा उपाय आहे, ड्रायव्हरला दंड करून जागा तयार होत नाही.

सानपाडा_नर्स

अपघात विभागात काम करते, म्हणून दोनच गोष्टी. हेल्मेटचा पट्टा लावा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडून जातं, डोकं रस्त्यावर आपटतं ते उघडंच. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, लहान मुलालाही त्याच्या मापाचं.

आणि अपघात दिसला तर थांबा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. पण थांबताना आपली गाडी पुढे नेऊन सुरक्षित जागी लावा, दिवे लुकलुकत ठेवा, मागून येणाऱ्यांना लांबूनच हात करा. मदतीला धावलेल्या माणसालाच मागच्या ट्रकने उडवलं, असे रुग्ण आमच्याकडे आलेले आहेत. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला दुखापत असू शकते. श्वास घेता येत नसेल तरच, दोघांनी मिळून, मान धरून.

वाशी_पूल_बाईकर

पुलांवरच्या वाऱ्याबद्दल लिहा कोणीतरी. वाशी पूल, ऐरोली पूल, दोन्हीकडे खाडीचा वारा आडवा लागतो. कंटेनरच्या बाजूने जाताना तो वारा एकदम अडतो, बाईक त्याच्याकडे ओढल्यासारखी होते, आणि केबिनच्या पुढे निघालं की वाऱ्याचा फटका बाहेर ढकलतो. हलक्या स्कूटरला फार जाणवतं. हँडल घट्ट आवळू नका, सैल पण नीट धरा, वेग कमी ठेवा आणि मधलं अंतर वाढवा. पावसात ट्रकच्या चाकांचे फवारे काचेवर येतात तेव्हा काही सेकंद काहीच दिसत नाही. ओव्हरटेक तर त्या वेळी नकोच. अटल सेतूवर दुचाकीला मुळात बंदी आहे, तरी विचारणारे असतात म्हणून सांगून ठेवतो.

नवीन_परवाना_घणसोली

मी गेल्याच महिन्यात कार शिकले. एपीएमसीच्या आसपास पहाटे भाजीच्या ट्रकांच्या मधून जावं लागतं, आईला मार्केटला सोडायला. तिथे ट्रक रिव्हर्स घेत असतात, कोण कुठून येईल कळत नाही. काही सांगाल का?

उलवे_खाडीकाठ

रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकच्या मागून कधीच जायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. थांबा, त्याला लावून होऊ द्या. मागे माणूस उभा राहून "आने दो, आने दो" करत असला तरी त्याचं लक्ष भिंतीकडे असतं, तुमच्या गाडीकडे नाही. उभ्या ट्रकांच्या रांगेजवळून जाताना खालून बघत चला. चाकांच्या मधून माणसांचे पाय दिसतात. पाय दिसले की पुढच्या क्षणी तो माणूस हातगाडी घेऊन समोर येणार. आणि उजवीकडच्या केबिनचा दरवाजा रस्त्यात उघडतो, तेवढी जागा सोडा. आईला शक्यतो अलीकडेच उतरवा, मार्केटच्या गेटपर्यंत गाडी न्यायचा आग्रह नको.

घाटातला_गडी

मी एक सुचवतो. नुसतं वाचून डाव्या बाजूचं पटत न्हाई, बसल्यावर पटतंय. या रविवारी सकाळी भाच्याचे दोन ट्रेलर कळंबोलीत उभे आहेत, एक भरलेल्या कंटेनरचा, एक रिकामा. ज्यांना यायचं त्यांनी या. एकेकानं ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, बाकीच्यांनी स्कूटर घेऊन डावीकडं, पुढं, मागं उभं राहायचं. गाडी बंद राहणार, चाव्या माझ्या खिशात. कुठं उभं राहिल्यावर माणूस गायब होतोय ते खडूनं जमिनीवर आखू.

ऐरोली_सेक्टर_आठ

मी येणार. ऑफिसमधल्या दोघी पण येतील म्हणतात, त्या शिळफाट्यावरून स्कूटरने येतात. आठवीतल्या मुलीला आणलं तर चालेल का? तिची सायकल आहे.

घाटातला_गडी

आणा की. सायकलपण आणा, ती तर सगळ्यात लवकर गायब होतीय. सकाळी आठला या, नंतर ऊन चढतंय. केबिनला चढायच्या पायऱ्या उंच आहेत, चपला नकोत, बूट घालून या. पत्ता व्यनित (खासगी निरोपात) पाठवतो.

बाळकुमचा_रहिवासी

मी मुलाला घेऊन ठाण्याहून येतोय. सोसायटीतले अजून चार-पाच जण तयार आहेत. खडू आम्ही आणतो.